तेजीमंदीचे शकुन

पुढें काय होणार हें आजच कळावें, ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. आणि ती पुरविण्याचीं साधनेंही तितकींच जुनीं आहेत. कावळ्यानें घरटें झाडाच्या शेंड्याला बांधलें कीं मधल्या फांदीला, हें पाहून आमचा शेतकरी पावसाचा अंदाज बांधीत आला. सहदेव-भाडळीच्या नांवावर चालत आलेले आडाखे त्यानें पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ केले. आणि बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ गांवीं अक्षय्यतृतीयेस मांडलेल्या घटाभोंवतींचीं धान्यें रात्रींतून कशीं हललीं, हें ऐकण्यासाठीं आजही दूरदूरचीं माणसें पहांटे गोळा होतात. पुणें शहराच्या हद्दींत शेतें फारशीं उरलीं नाहींत, पण शकुनांची हौस जशीच्या तशी आहे. आतां घरटें झाडावर नसून मोबाइलच्या पडद्यावर असतें, एवढाच फरक. मंगळवार हा आमच्या गांवांत गणपतीच्या दर्शनाचा वार. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या आठवडी ऑप्शनांची मुदतही याच वारीं संपूं लागली, आणि तेव्हांपासून आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापककक्षांत त्या दिवशीं दुपारीं साडेतीनपर्यंत चहाकडे कोणाचें लक्ष नसतें. कोणी ‘पुट’ किती वाढले तें सांगतो, कोणी ‘कॉल’ कोठें सांचले तें सांगतो. आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून उद्यां शेअरबाजार चढणार कीं उतरणार याविषयीं जी चर्चा रंगते, ती ऐकून आम्हांस हटकून भाडळीची आठवण होते.

या चर्चेंत आम्हांस ओढण्याचें कारण असें कीं, गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही तर्कशास्त्र शिकवीत आहों. थोडे शेअर विकत घेऊन ते वर्षानुवर्षें विसरून जाणें, यापलीकडे आमचा बाजाराशीं संबंध नाहीं. तथापि एका गोष्टीवरून दुसरीचें अनुमान केव्हां करावें व केव्हां करूं नये, हा तर आमच्या धंद्याचाच विषय. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें समजावें, हें न्यायशास्त्राचें जुनें उदाहरण आम्ही दर वर्षीं फळ्यावर लिहितों. तेव्हां ऑप्शनच्या बाजारांतील हालचाल हा धूर मानावयाचा कीं नाहीं, आणि मानला तर त्याखालचा अग्नि कोणाला दिसतो, असा प्रश्न कोणीं विचारल्यास तो आम्हांस टाळतां येत नाहीं.

ऑप्शन म्हणजे काय, हें समजण्यास इंग्रजी ग्रंथ उघडण्याची गरज नाहीं. जमिनीच्या व्यवहारांत विसार देण्याची चाल आपल्याकडे सर्वांस माहीत आहे. मुळशीकडील एखादी जागा अमुक भावानें तीन महिन्यांच्या आंत घेईन, असें ठरवून गिऱ्हाइकानें मालकाच्या हातावर थोडी रक्कम ठेवावी. जागेचा भाव वाढला तर ठरल्या भावानें ती घ्यावी, पडला तर विसारावर पाणी सोडून मोकळें व्हावें. शेअरच्या बाबतींत असा घेण्याचा हक्क जसा विकत मिळतो, तसा ठरल्या भावानें विकण्याचाही मिळतो. पहिल्यास आज कॉल म्हणतात, दुसऱ्यास पुट, आणि त्या विसाराला प्रीमियम. मुंबईच्या जुन्या दलालांची भाषा अधिक सरळ होती. ते पहिल्यास तेजी म्हणत आणि दुसऱ्यास मंदी. हा धंदा सरकारच्या डोळ्यांत बराच काळ खुपत आला. कापसांतील तेजीमंदी बंद करणारा कायदा मुंबई प्रांतांत १९३९ सालीं झाला. १९५६ च्या कायद्यानें शेअरांतील सर्व ऑप्शन बेकायदा ठरविले. ती बंदी १९९५ सालीं उठली. आणि २००१ च्या जूनमध्यें निर्देशांकाचे व जुलैमध्यें निवडक शेअरांचे ऑप्शन राजरोस सुरू झाले. आमच्या वडिलांच्या पिढीनें जी गोष्ट सट्टा म्हणून वर्ज्य मानली, ती आमच्या विद्यार्थ्यांच्या खिशांत आहे.

आतां या बाजारांत शेअरच्या भावाची पूर्वसूचना मिळावी, असें मानण्यास आधार आहे. समजा, एखाद्या कारखान्यास मोठें काम मिळणार असल्याची बातमी चार दिवस आधीं कोणाच्या कानीं आली. त्यानें हजार रुपयांचा शेअर घेतला तर हजार रुपये गुंतले. पण तोच शेअर घेण्याचा हक्क पंचवीस रुपयांत मिळत असेल, तर तेवढ्याच भांडवलांत त्यास चाळीस शेअरांवर हात ठेवतां येतो. जाणता मनुष्य प्रथम येथेंच येणार, ही अटकळ साधी आहे. आणि ती नुसती अटकळ राहिलेली नाहीं. जून पॅन आणि ॲलन पोटेशमन या अमेरिकन विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं १९९० ते २००१ पर्यंतचे शिकागोच्या ऑप्शन बाजारांतील व्यवहार तपासून २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या शेअरांत नव्यानें पुट घेणारे थोडे व कॉल घेणारे पुष्कळ, ते शेअर उलट स्थितींतील शेअरांपेक्षां दुसऱ्याच दिवशीं शेंकडा ०.४ हून अधिक, आणि आठवड्याभरांत शेंकडा एकाहून अधिक सरस ठरले. धूर खरा होता आणि अग्निही खरा होता.

परंतु त्याच निबंधांतील दुसऱ्या दोन गोष्टी आमच्या अध्यापककक्षांत कोणी सांगत नाहीं. पहिली ही कीं, हें भाकीत ज्या आंकड्यांवरून निघालें ते आंकडे सामान्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडणारे नव्हते. नवा सौदा कोणता, जुना मोडण्यासाठीं केलेला कोणता, आणि त्यांत पुढाकार घेणाऱ्याचा होता कीं देणाऱ्याचा, हें बाजाराच्या आंतील नोंदींवरून संशोधकांस कळलें. जेवढा भाग चारचौघांस दिसण्याजोगा होता, तेवढ्यावरून बांधलेलें भाकीत पुष्कळच दुबळें निघालें. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑप्शनांत जाणत्यांचा हात दिसला, तरी निर्देशांकाच्या ऑप्शनांत त्याचा कांहींच पुरावा सांपडला नाहीं. आणि तें साहजिकच आहे. एका कंपनीचें गुपित एका माणसाच्या कानीं येऊं शकतें. पन्नास कंपन्यांच्या बेरजेचें गुपित कोणाजवळ असणार? आमचे मित्र मंगळवारीं जें गुणोत्तर वाचतात तें तर निर्देशांकाचेंच असतें. ज्या डोंगरावर शास्त्रज्ञांस धूर आढळला तो सोडून ते भलत्याच डोंगराकडे टक लावून बसलेले असतात.

बरें, पडद्यावर प्रत्यक्ष दिसतें तें काय? ‘ओपन इंटरेस्ट’ म्हणून एक आंकडा दिसतो. म्हणजे न मिटलेल्या सौद्यांची संख्या. प्रत्येक सौद्याला एक विसार देणारा असतो व एक घेणारा. अमुक भावाचे एक लाख पुट उभे आहेत, याचा अर्थ एवढाच कीं, एक लाख विसार कोणीं तरी दिले आणि तितकेच कोणीं तरी घेतले. देणाऱ्यास बाजार पडण्याची भीति असेल, किंवा त्याच्याजवळ शेअर असतील व घराचा विमा उतरावा तसा तो त्यांचा विमा उतरवीत असेल. घेणाऱ्यास बाजार पडणार नाहीं अशी खात्री असेल, किंवा त्यानें दुसरीकडे उलटा सौदा करून आपली बाजू आधींच सांवरलेली असेल. आंकडा एकच, त्यामागचीं मनें चार. म्हणून एक म्हणतो, “पुट वाढले, लोक घाबरले, बाजार पडणार.” दुसरा म्हणतो, “पुट वाढले, म्हणजे बड्या लोकांनीं ते विकले. बाजारास खालून टेकू मिळाला, आतां चढणार.” तिसरा म्हणतो, “सगळेच घाबरले, म्हणजे भीतीचा कळस झाला. उद्यां वारें फिरणार.” हीं तीनही मतें आम्हीं एकाच टेबलाभोंवतीं, एकाच आंकड्यावरून, एकाच दुपारीं ऐकलीं आहेत. जो हेतु साध्याबरोबरही राहतो आणि साध्याच्या अभावाबरोबरही राहतो, त्यास नैयायिक सव्यभिचार म्हणतात. उद्यां बाजार चढो वा उतरो, कोणाची तरी खूण खरी ठरणारच. आणि तो पुढल्या मंगळवारीं थोडें मोठ्यानें बोलणार.

अशीं चिन्हें किती फसवीं असतात याचें सर्वांत भयंकर उदाहरण २००१ चें आहे. अमेरिकेंत ११ सप्टेंबर रोजीं विमानें पळवून जो हल्ला झाला, त्याच्या पांच दिवस आधीं, ६ सप्टेंबरला, युनायटेड एअरलाइन्सच्या शेअरांवरील पुट एकाएकीं मोठ्या प्रमाणांत विकत घेतले गेले होते. हें उघडकीस येतांच, हल्लेखोरांस पुढचें ठाऊक होतें व त्यांनीं त्यावर पैसा केला, असा तर्क पुष्कळांनीं केला. यापेक्षां दाट धूर आणि यापेक्षां मोठा अग्नि कोणता दाखवावा? पण सरकारनें नेमलेल्या चौकशी आयोगानें २००४ च्या अहवालांत जें नमूद केलें तें असें: त्या दिवशींचे शेंकडा ९५ पुट एकाच अमेरिकन गुंतवणूकदार संस्थेनें घेतले होते, हल्लेखोरांशीं तिचा संबंध कल्पनेंतही बसण्यासारखा नव्हता, आणि त्याच व्यवहाराचा भाग म्हणून तिनें १० सप्टेंबरला अमेरिकन एअरलाइन्सचे १,१५,००० शेअर विकतही घेतले होते. हल्ल्यांत विमानें गेलीं तीं या दोन्ही कंपन्यांचीं. ज्यास उद्यांचें ठाऊक आहे तो आज त्यांतल्या एकीचे शेअर घेत नाहीं. चिन्ह खरें, घटना खरी. दोहोंमधील संबंध तेवढा खोटा.

येथपर्यंत आम्ही असें धरून चाललों कीं चिन्ह निष्पाप असतें, वाचणाराच काय तो चुकतो. कावळ्याच्या घरट्याविषयीं हें म्हणतां येईल. कावळा घरटें बांधतो तें आपल्या पिल्लांसाठीं. खालून कोणी त्याची उंची मोजीत आहे हें त्याच्या गांवींही नसतें. भेंडवळच्या घटाजवळील गव्हाच्या दाण्यास शेतकऱ्याला फसविण्याचें कांहीं कारण नाहीं. पण बाजारांतील चिन्ह मांडणारा मनुष्य आहे, आणि आपलें चिन्ह वाचलें जात आहे हें त्यास पक्कें ठाऊक आहे. मग तें मुद्दाम मांडण्याचा मोह त्यास कां होऊं नये? सेबीनें ३ जुलै २०२५ रोजीं जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीविरुद्ध जो अंतरिम आदेश काढला, तो या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. त्यांतील एक आरोप १७ जानेवारी २०२४ या दिवसाविषयीं आहे. सेबीचें म्हणणें असें कीं, त्या सकाळीं कंपनीनें बँक निफ्टींतील बँकांचे शेअर व वायदे हजारों कोटींचे घेऊन निर्देशांक उचलून धरला. त्या चढल्या भावांत, तोच निर्देशांक उतरेल या बाजूनें ऑप्शनांत कैक पटींनीं मोठा डाव मांडला. आणि मग दुपारीं घेतलेलें विकून टाकलें. शेअरांत थोडें गमावलें, ऑप्शनांत त्याहून कितीतरी अधिक मिळविलें. सेबीनें अशी एकंदर ४,८४३ कोटी रुपयांची प्राप्ति बेकायदा मानून ती अडकवून ठेवण्याचा हुकूम केला. कंपनीनें आरोप नाकारून अपील केलें. त्या वादाचा न्याय करणें आमचें काम नव्हे. पण आदेशांतील एक आंकडा आमच्या डोक्यांतून जात नाहीं. त्या दिवशीं बँक निफ्टीच्या ऑप्शनांची उलाढाल त्या निर्देशांकांतील शेअरांच्या उलाढालीच्या ३५३ पट होती. देहापेक्षां सावली साडेतीनशेंपट मोठी! सावलीवरून देहाची चाल ओळखूं म्हणणारांनीं, सावलीच्या सोयीसाठीं देहच हलविला जाऊं शकतो, हें ध्यानांत घ्यावें.

हें सारें आम्हीं ज्याच्यासाठीं वाचून काढलें, तो आमचा एक जुना विद्यार्थी. वडील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शनिवार पेठेंत दोन खोल्यांचें घर. मुलगा बुद्धिमान, आमच्या विषयांत पहिला येणारा. नोकरी सांभाळून तो ऑप्शन विकूं लागला. खुणा पाहून तो ठरवी कीं या आठवड्यांत निफ्टी अमुक आंकड्याखालीं जाणार नाहीं, आणि तेवढी हमी देऊन दुसऱ्याचा विसार खिशांत टाकी. चौदा महिन्यांत बहुतेक आठवडे तो बरोबर ठरला. एका रविवारीं सकाळीं आपली वही दाखवून तो म्हणाला, “सर, दहांपैकीं नऊ वेळां खूण बरोबर येते. तुमचें तर्कशास्त्र याला काय म्हणेल?” आम्ही म्हणालों, “नऊ वेळां काय मिळालें तें वहींत आहे. दहाव्या वेळीं काय जाईल, तें कोठें लिहिलें आहेस?” तो नुसता हंसला. ३ जून २०२४ रोजीं मतदानोत्तर चाचण्यांच्या आनंदांत निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढला. मुलाच्या सगळ्या खुणा वरच बोट दाखवीत होत्या. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागूं लागले, आणि त्या एका दिवसांत निफ्टी सुमारें सहा टक्के उतरला. चौदा महिन्यांची कमाई जेवणाच्या वेळेपर्यंत संपली, आणि तिच्यामागून वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेंतील साडेचार लाख रुपये गेले. आठ दिवसांनीं वडील आमच्याकडे आले. ते रागावलेले नव्हते. “तुमचें तो ऐकतो,” एवढेंच म्हणाले, आणि चहा न घेतां उठले. आम्हीं मुलास बोलावून घेतलें. तो म्हणाला, “सर, खूण चुकली नव्हती. मलाच ती वाचतां आली नाहीं.”

या वाक्यानें आम्हांस जितकें अस्वस्थ केलें तितकें त्या रकमेच्या आंकड्यानेंही केलें नाहीं. पाऊस पडला नाहीं तर भाडळी चुकत नाहीं, नक्षत्र मोजणारा चुकतो. अंगाऱ्यानें ताप उतरला नाहीं तर अंगारा चुकत नाहीं, घेणाऱ्याची श्रद्धा कमी पडते. जी खूण कोणत्याही निकालानें खोटी ठरूंच शकत नाहीं, ती कांहीं सांगतही नाहीं. हीच गोष्ट याच मुलानें एके काळीं आमच्या उत्तरपत्रिकेंत उत्तम रीतीनें लिहिली होती, आणि आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले होते.

तथापि एका अर्थानें त्याचें म्हणणें खरें होतें, तेंही सांगितलें पाहिजे. त्या दिवसांत ऑप्शनचा बाजार गप्प नव्हता. राष्ट्रीय शेअर बाजार निफ्टीच्या ऑप्शनांच्या प्रीमियमवरून ‘इंडिया व्हिक्स’ नांवाचा एक आंकडा काढतो. येत्या तीस दिवसांत बाजार किती हेलकावे खाईल अशी व्यवहार करणारांची अपेक्षा आहे, याचें तें माप. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंत हें माप जवळजवळ दुप्पट झालें होतें. विसार महागला होता, कारण हमी देणारे अधिक मोबदला मागूं लागले होते. बाजार चढेल कीं उतरेल हें त्या मापास ठाऊक नव्हतें. हेलकावा मोठा बसेल, एवढेंच तें सांगत होतें, आणि तें खरें ठरलें. वारा किती जोराचा सुटणार हें कळणें आणि तो कोणत्या दिशेनें सुटणार हें कळणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कळली तर होडी किनाऱ्यास ओढून ठेवतां येते. आमच्या विद्यार्थ्यानें महागलेला विसार पाहिला तो, या वेळीं कमाई जास्त, असें म्हणून. इशारा होता, त्यानें तो आमंत्रण समजून घेतला.

आणि तो एकटा नव्हता. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला. खर्च धरून तो माणशीं सरासरी सुमारें दोन लाख रुपये होता, आणि सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. तोटा सोसणारांपैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनीं व्यवहार चालूच ठेवला. याच सुमारास परदेशी संस्था व दलालांच्या स्वतःच्या पेढ्या नफ्यांत होत्या, आणि त्यांचा बहुतेक नफा यंत्रांनीं आपोआप केलेल्या सौद्यांतून आला होता. २०२३-२४ मध्यें या व्यक्तींपैकीं शेंकडा ४३ जण तिशीच्या आंतले होते; म्हणजे कालपर्यंत आमच्यासमोर बांकांवर बसलेलीं मुलें. आमचे एक गणिताचे सहकारी विचारतात, “उरलेल्या सातांत आपण कां नसूं?” कोटीभर माणसांनीं नाणें उडविलें तर कांहींचीं लागोपाठ दहा दानें बरोबर पडणारच, म्हणून नाणें त्यांस कांहीं सांगतें असें कोणी म्हणत नाहीं. जी खूण कोटीभर पडद्यांवर एकाच क्षणीं उमटते, तिच्यांत कांहीं मोल असलेंच तर तें भावांत आधींच उतरलेलें असतें, आणि तेंही मनुष्याच्या बोटाहून फार चपळ अशा यंत्रांनीं उतरविलेलें असतें.

मग या बाजारापासून शेअर घेणाऱ्यानें कांहींच शिकूं नये काय? दोन गोष्टी शिकाव्या, असें आम्हांस वाटतें. प्रीमियम महागले दिसले म्हणजे पुढें खाचखळगे आहेत असें समजून हात आंखडता घ्यावा. दिशेविषयीं त्यावरून अक्षर काढूं नये. आणि एखाद्या एकट्या कंपनीच्या ऑप्शनांत विनाकारण गर्दी दिसली, तर ती शेअर घेण्याची आज्ञा न मानतां त्या कंपनीचे कागद पुन्हां नीट वाचण्याचें निमित्त मानावें. न्यायशास्त्रांत संशयाला मानाचें स्थान आहे, पण तें विचाराच्या आरंभीं. संशयालाच निर्णय समजून त्यावर पैसे लावणें, ही त्या शास्त्राची चेष्टा होय.

मुलास आम्हीं हेंच सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. मानलें कीं नाहीं हें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. वडिलांनीं मात्र उरलेली रक्कम पोस्टांतील ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेंत ठेवली आहे. तिचें व्याज दर तिमाहीस येतें, आणि तें केव्हां येणार हें कळण्यास त्यांस कोणाचा शकुन पाहावा लागत नाहीं.